गोळ्या सुटतात की सोडवल्या जातात?

"कैदी गोळ्या अर्धवट सोडतात, म्हणून तुरुंगात औषधांना दाद न देणारा क्षय वाढतो" हे मत मला अपुरं वाटतं. साध्या क्षयाला सहसा ६ महिने सलग औषधं लागतात. तेवढ्यात माणसाची दुसऱ्या तुरुंगात बदली होते किंवा अचानक जामीन मिळतो, आणि उपचाराचे कागद मागेच राहतात. याला गोळ्या सोडणं कसं म्हणायचं?

शिवाय कित्येकांनी एकही गोळी चुकवलेली नसते. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना पुरून उरणारा जंतूच शेजाऱ्याच्या खोकल्यातून थेट त्यांच्या फुप्फुसात शिरतो. खच्चून भरलेल्या, वारा न खेळणाऱ्या बराकीत त्याला आणखी काय हवं? १९९१ च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यातल्या तुरुंगांत असाच उद्रेक झाला. दगावलेल्यांत बहुतेक एचआयव्ही असलेले कैदी होते, पण एका रक्षकाचाही जीव गेला. भिंत फक्त माणसांना अडवते.

नेल्सन मंडेलांनाही १९८८ मध्ये कैदेतच क्षय झाला होता. निदान वेळेवर झालं, ते बरे झाले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नियमांत कैद्याच्या क्षयाचे उपचार खंडित होऊ नयेत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हे जनुकीय चाचणीतून आता सुमारे २ तासांत कळतं. ती चाचणी आत येतानाच व्हावी, आणि सुटणाऱ्याच्या हातात पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी व निदान महिन्याभराच्या गोळ्या असाव्यात, एवढं तरी मागूया.