मदत हवी आहे: दोन लहान सशांची मारामारी. वेगळं करू की त्यांचं त्यांना मिटवू देऊ?

नमस्कार मंडळी,

लेकीच्या हट्टापायी संक्रांतीच्या आठवड्यात दोन ससे आणले, म्हणून एक तीळ, एक गूळ. "दोन्ही माद्या आहेत, सख्ख्या बहिणी, बिनधास्त एकत्र ठेवा," असं दुकानदार म्हणाला. तेव्हा दीडेक महिन्याच्या होत्या, आता चार महिने पुरे झालेत. मार्चपर्यंत एका ताटलीत खायच्या, एकमेकींचे कान चाटत बसायच्या.

गेले तीन आठवडे मात्र गूळ सारखी तीळच्या अंगावर चढते. मागून तर चढतेच, कधीकधी चक्क तोंडाच्या बाजूने. तीळ पळते, ही मागे. बाल्कनी झाडताना पांढऱ्या केसांचे पुंजके निघतात, आणि काल तीळच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढी जागा उघडी पडलेली दिसली. जखम नाही. गूळ सोफ्याच्या पायांना हनुवटी घासत हिंडते, परवा तर पळता पळता तीळवर मूत उडवलं. खाणंपिणं दोघींचं ठीक आहे.

सासूबाईंचं मत: "जावाजावांचं असंच असतं गं, मधे पडू नकोस." मी पाण्याचा फवारा मारून पाहिला, गूळला तासभर पिंजऱ्यात कोंडलं. सोडली की पुन्हा तेच. काय करू?

कढीपत्ता:
आधी नर-मादी तपासून घ्या! इतक्या लहान पिल्लात भले भले चुकतात. साडेतीन-चार महिन्यांचा झाला की नराचे अंडकोष खाली उतरलेले दिसतात. आमचे "दोघे भाऊ" होते, त्यातल्या एका भावाने पाच पिल्लं दिली. कळेपर्यंत वेगळं ठेवा. सशीण महिन्याभरात विते आणि त्याच दिवशी परत गाभण राहू शकते.

दुधीभोपळा:
कढीपत्ता यांना अनुमोदन. पण माद्याही एकमेकींवर चढतात. वयात येताना मोठं कोण हे ठरवण्याचा तो प्रकार असतो. मागून चढली, खालची गप्प बसली, थोड्या वेळात उतरली, तर मधे पडू नये. तोंडाकडून चढली तर लगेच उतरवा, खालची नको तिथे चावते आणि फार वाईट जखम होते. रक्त दिसलं किंवा दोघी एकमेकींना धरून गरगर फिरायला लागल्या की मिटायची वाट पाहू नका. नुसता हात घालू नका, जाड टॉवेल टाका.

फवारा बंद करा. ससा त्यातून काही शिकत नाही, नुसता घाबरतो. ताटल्या दोन, ट्रे दोन, आणि लपायच्या खोक्याला दोन भोकं पाडा. एकच दार असलं की कोंडीत सापडलेली चावणारच.

धागाकर्ती:
आज गूळला डॉक्टरांकडे नेलं. गूळ नर आहे!!! दुकानदाराला काय बोलू ते कळत नाहीये. पुढच्या आठवड्यात नसबंदी. त्यानंतर लगेच एकत्र ठेवलं तर चालेल ना?

दुधीभोपळा:
नाही. ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे पिल्लं होऊ शकतात आणि डोकं शांत व्हायलाही तेवढा वेळ लागतो. तोवर मधे दुहेरी जाळी, चार बोटं अंतर सोडून, म्हणजे वास येईल पण नाक चावता येणार नाही. नंतर भेट घालायची ती दोघांपैकी कोणीच आधी न फिरकलेल्या खोलीत, दहा-पंधरा मिनिटं, खाली चटई टाकून. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. एकाने डोकं खाली घातलं आणि दुसऱ्याने चाटलं, की समजा जमलं.

आणि ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. माणसाला उपाशी ठेवतात ते ओकारी होऊ नये म्हणून; ससा ओकूच शकत नाही, उलट त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. नंतरही दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर तडक डॉक्टर गाठा.

तीळचं पोट तपासलं का?

धागाकर्ती:
नाही ना, तिला नेलंच नव्हतं. जाळी लावली. पण तीळ सकाळपासून तोंडात मिशीसारखं गवत धरून घरभर फिरतेय, सोफ्यामागे नेऊन ठेवते.

कढीपत्ता:
छातीचे केस उपटतेय का? गाभण नसतानाही करतात असं, पण तीन आठवडे एकत्र होते ना... खोकं द्या, भरपूर गवत घाला, उद्याच दाखवून आणा.

धागाकर्ती:
उपटतेय. सासूबाई विचारतायत, सशिणीला डिंकाचे लाडू चालतात का.