मदत हवी आहे: नर्सिंग होममधल्या आजी तक्रार करू देत नाहीत (न्यू जर्सी)

नमस्कार. मी एडिसनजवळ राहते. राज्याच्या लाँग टर्म केअर ओम्बुड्समन कार्यालयात (नर्सिंग होममधल्या माणसांच्या तक्रारी ऐकून सोडवणारं कार्यालय) स्वयंसेवक व्हायचा अर्ज भरायला घेतलाय आणि एका ठिकाणी अडले आहे.

(इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचा डॉक्टरांचा छोटा दवाखाना नव्हे. सतत काळजी लागणारी माणसं तिथे मुक्कामाला राहतात, काही तर वर्षानुवर्षं.)

दीड वर्ष झालं, दर रविवारी मी अशाच एका ठिकाणी मैत्रिणीच्या मावशींना भेटायला जाते. वय ८४. संध्याकाळी ५ ला जेवण, ७ ला झोपवतात. शाकाहारी म्हणून उकडलेला बटाटा. बेलचं बटण बहुतेक वेळा गादीमागे पडलेलं असतं. दोनदा तर मावशी ओल्या कपड्यांत होत्या. ऑफिसात बोलू का म्हटलं, तर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "नको गं बाई. तू जाशील घरी. रात्री याच मुली मला कुशीवर वळवणार आहेत."

इथल्या नर्सिंग होमसाठीच्या १९८७ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी कधी झोपायचं, कधी उठायचं हे ठरवण्याचा आणि सूड न उगवता तक्रार ऐकली जाण्याचा हक्क त्यांना दिलाय. मी समजावलं. पण "हक्क" शब्द ऐकताच त्या आणखी घाबरल्या. मुलगा दूरच्या राज्यात, तो म्हणतो सांभाळून घ्या.

ओम्बुड्समनचा नियमही हाच, की त्या माणसाच्या संमतीशिवाय कुणाकडे काही बोलायचं नाही. नियम मला पटतो. पण जन्मभर "चाललंय बरं" म्हणत आलेल्या बाईची संमती मागायची कशी? आणि मला हेच नर्सिंग होम मिळेल का?

प्रतिसाद:
ताई, मी कॅलिफोर्नियात चार वर्षं हे काम करतोय. सुरुवातीला ३६ तासांचं प्रशिक्षण असतं, त्यात संमतीवरच सगळ्यात जास्त वेळ जातो. ओळखीचं माणूस असलेलं ठिकाण मला दिलं नव्हतं, तेव्हा अर्जात मावशींबद्दल स्पष्ट लिहा. आत्ता तुमच्या राज्याच्या ओम्बुड्समन कार्यालयाला फोन करा. तुमचं नाव गुप्त राहतं.

"तक्रार करू का" असं विचारू नका. "बटण हाताशी बांधून ठेवायला सांगू का" एवढंच विचारा. एका छोट्या गोष्टीला त्या हो म्हणतात. ती झाली आणि काही वाईट घडलं नाही, की दुसरी त्या स्वतः सांगतात. मी ज्यांना भेटायला जातो, त्यातल्या एका पंजाबी आजोबांना पाच महिने लागले. शिवाय मी कुणाचंच नाव न घेता पूर्ण मजल्यावरची बटणं बघतो आणि "या बाजूला बऱ्याच खोल्यांत बटण हाताला लागत नाही" असं व्यवस्थापनाला सांगतो. त्यात कुणी एकटं पडत नाही.

दर तीन महिन्यांनी केअर प्लॅनची (काळजी कशी घ्यायची हे ठरवण्याची) बैठक होते. मावशींनी हो म्हटलं तर त्यांच्या शेजारी तुम्ही बसू शकता. जेवणाचा विषय तिथे काढा.

धागाकर्ती:
बटणाचं या रविवारी विचारते. केअर प्लॅनची पुढची बैठक कधी आहे, हे मुलाला विचारावं लागेल की मावशींनी स्वतः विचारलं तरी सांगतात?