कलेक्टडी: करंट गेला त्या रात्रीचाच आलेख कोरा का?

मास्तर_फोंडा

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षक. आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांनी उतरायची इमारत), माडीवरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर डेबियन लिनक्स आणि कलेक्टडी ५.१२, म्हणजे यंत्राचे आकडे सतत टिपून आलेखांसाठी साठवणारा प्रोग्राम. त्या यंत्रात आमच्या जत्रेला झालेल्या संगीत नाटकांचं ध्वनिमुद्रण आहे. एकूण २१२ कॅसेटी. गावातली दोन मुलं आणि मी मिळून त्या उतरवून घेतल्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने घेतलं की ९० मिनिटांची कॅसेट तीन जीबीच्या थोडी वर जाते, सगळं मिळून साडेसहाशे जीबी झालं. कित्येक कॅसेटींना बुरशी धरली होती. काही एकदाच वाजल्या आणि फीत तुटली. गाणाऱ्यांतले पुष्कळजण आता नाहीत. दुसरी प्रत माझ्या घरी आहे, पण ती महिन्यातून एकदाच होते. म्हणून या यंत्राला काय होतंय ते मला वेळेवर कळायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी, मिरग लागायच्या आधी, एका रात्री गडगडाट होऊन फणसाची फांदी तारेवर पडली. ९.४० ला करंट गेला. यूपीएसने १२ मिनिटं तग धरला आणि ९.५२ ला यंत्र बंद पडलं. दुसऱ्या दिवशी आलेख उघडले तर सगळे ९.३८ ला थांबलेले. भाच्याने यूपीएससाठी ‘नट’ आणि त्याचे आकडे कलेक्टडीत आणणारा प्लगइन जोडून दिला होता आणि एरवी त्याचे आकडे नीट येतात. पण करंट गेल्याची, बॅटरी उतरत गेल्याची एकही नोंद नाही. जे बघण्यासाठी सगळा खटाटोप केला तेच नाही.

नंतर मी आणखी गोंधळ घातला, तोही सांगतो. आकडे जास्त मिळावेत म्हणून कॉन्फ फाइलमधल्या जवळजवळ सगळ्या ‘लोडप्लगइन’ ओळींपुढचं हॅशचं चिन्ह काढलं, म्हणजे ते सगळे प्लगइन चालू केले. लॉग चुकांनी भरला आणि डिस्कचा दिवा विझेना. मग भार कमी करायला ‘इंटरव्हल’, म्हणजे दर किती सेकंदांनी नोंद घ्यायची तो आकडा, १० चा ६० केला. तेव्हापासून जुने आलेख पूर्ण कोरे. गंमत नव्हे, खरंच कोरे: आकडे ज्या आरआरडी फाइलीत साठतात तिची वेळ दर थोड्या वेळाने बदलते, म्हणजे लिहिलं जातंय, पण रेघ उमटत नाही. ‘आरआरडीटूल’ प्लगइनमध्ये ‘कॅशटाइमआउट ९००’ आहे, तो कुठूनतरी उतरवून घेतलेला.

कुठे चुकलं ते सांगा. वेळ लागला तरी चालेल, शिकायची तयारी आहे.

म्हापसा_टर्मिनल

सर, कोऱ्या आलेखाचं कारण इंटरव्हलच आहे. आरआरडी फाइल पहिल्यांदा बनते तेव्हा त्या वेळचा इंटरव्हल तिच्यात पक्का होतो. सोबत ‘हार्टबीट’ नावाचा एक आकडा बसतो, तो आपण वेगळा दिला नसेल तर इंटरव्हलच्या दुप्पट. तुमच्या फाइली १० सेकंदांवर बनल्या, म्हणजे हार्टबीट २०. दोन नोंदींत २० सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की आरआरडीटूल मधला काळ ‘अज्ञात’ धरतं. आता नोंद येते ६० सेकंदांनी, म्हणून प्रत्येक काळ अज्ञात.

कलेक्टडीच्या मॅन्युअलमध्येच ताकीद आहे की हा आकडा एकदा ठरवावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये, नाहीतर आरआरडी फाइली पुसाव्या लागतील. तुम्ही पुसू नका. इंटरव्हल परत १० करा, जुन्या फाइली पुढे चालू होतील आणि मेपर्यंतचं सगळं शाबूत राहील. ६० च ठेवायचा असेल तर ‘आरआरडीटूल ट्यून’ने प्रत्येक फाइलचा हार्टबीट १२० करता येतो, पण ‘लोड’च्या एका फाइलीत तीन नावं, ‘इंटरफेस’च्या फाइलीत आरएक्स आणि टीएक्स वेगळी, असं एकेक करत बसावं लागेल.

पर्वरीची_सिसॅडमिन

सर, मे महिन्यातल्या त्या रात्रीचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. ९.३८ ते ९.५२ म्हणजे १४ मिनिटं. कॅशटाइमआउट ९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटं. आरआरडीटूल प्लगइन डिस्कला त्रास नको म्हणून आकडे आधी मेमरीत साठवतो आणि इतका वेळ झाला की एकदम लिहितो. करंट गेल्याची नोंद झाली होती, सर. ती मेमरीत होती आणि यंत्र धाडकन बंद पडल्यावर तिथेच गेली.

यावर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की यंत्र धाडकन बंद पडूच नये. भाच्याने नटचा ड्रायव्हर जोडला, पण ‘अपसमॉन’ लावला नसावा. अपसमॉन यूपीएसकडून बॅटरी संपत आल्याची खूण आली की यंत्र रीतसर बंद करतो. रीतसर बंद होताना कलेक्टडीला थांबायची सूचना मिळते आणि ते मेमरीतलं सगळं लिहून मगच थांबतं. म्हणजे आलेखही वाचतो आणि, त्याहून मोठी गोष्ट, तुमच्या कॅसेटींची फाइलप्रणालीही. स्वस्त यूपीएस ती खूण फार उशिरा देतात. तुमचा १२ मिनिटं चालतो, तर नटच्याच ‘अपसशेड’मध्ये बॅटरीवर गेल्यापासून ३०० सेकंदांचा टायमर लावा, तो संपला की यंत्र रीतसर बंद. एकदा दिवसाउजेडी, कॅसेट चालू नसताना, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून स्वतः बघा.

मग कॅशटाइमआउट ६० करा. डिस्कवर भार येईल ही भीती फाइली कमी केल्या की उरत नाही. ‘सीपीयू’ प्लगइनचंच बघा: चार कोअर आणि प्रत्येकाच्या आठ अवस्था मिळून ३२ फाइली. ‘रिपोर्टबायसीपीयू फॉल्स’ लिहिलं की आठ राहतात. डिस्कवरची जागा मोजणाऱ्या ‘डीएफ’मध्ये टीएमपीएफएस वगळा, नाहीतर तो तात्पुरत्या जागाही मोजत बसतो.

तुम्हाला कळून घ्यायच्या गोष्टी तीन दिसतात: करंट, डिस्कची तब्येत आणि उरलेली जागा. त्यासाठी अनुक्रमे नट, ‘स्मार्ट’ आणि डीएफ. सोबत लोड आणि मेमरी असू द्या, यंत्र मंदावलं तर कारण कळतं. बाकीच्या ओळींपुढे हॅश परत घाला. स्मार्टला दर १० सेकंदांनी विचारायची गरज नाही. ‘लोडप्लगइन’च्या ब्लॉकमध्येच त्याचा स्वतःचा इंटरव्हल ३६०० देता येतो. हे डीएफलाही करणार असाल तर फक्त डीएफच्या जुन्या फाइली पुसा, कारण तिथेही वरचंच हार्टबीटचं प्रकरण येईल. प्रत्येक बदलानंतर ‘कलेक्टडी -टी’ चालवून कॉन्फ फाइल तपासा आणि मगच सेवा पुन्हा सुरू करा.

आणखी एक विचारते: आरआरडीच्या फाइली कॅसेटींच्या डिस्कवर तर नाहीत ना?

मास्तर_फोंडा

बाय, होत्या! जागा जास्त म्हणून मीच डेटाडिर, म्हणजे त्या फाइली ठेवायची जागा, तिकडे वळवला होता. आता परत सिस्टिमच्या डिस्कवर आणला.

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं. इंटरव्हल १० केला त्याच संध्याकाळी रेघ परत उमटली. फेब्रुवारीपासूनचे आकडे जसेच्या तसे आहेत. मधले कोरे दिवस कोरेच राहणार, त्याला इलाज नाही.

स्मार्टने मात्र दमवलं. सिस्टिमची डिस्क दिसायची, कॅसेटींची दिसेना. ती यूएसबी डॉकमध्ये आहे आणि त्या डॉकमधून प्लगइनला आकडे मिळत नाहीत. हाताने ‘स्मार्टसीटीएल -डी सॅट’ दिलं की मिळतात. मग ‘एक्झेक’ प्लगइन घेतला, तो आपली स्क्रिप्ट चालवून तिने छापलेले आकडे घेतो. एक लहान स्क्रिप्ट लिहिली, ती ५ आणि १९७ क्रमांकाचे गुण वाचते, म्हणजे बदललेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर, आणि ‘पुटव्हॅल’ची ओळ छापते. एक्झेक रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावाने स्क्रिप्ट चालवत नाही हे कळायला दोन दिवस गेले. वेगळा वापरकर्ता केला आणि सुडोमध्ये त्याला तेवढ्या एकाच आज्ञेची मुभा दिली. दोन्ही आकडे शून्य आहेत. वहीत तारीख घालून लिहून ठेवले.

आणि परवा रात्री खरी परीक्षा झाली. ८.१७ ला करंट गेला. मी घरीच होतो, पावसात वर जायची गरज वाटली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सकाळी आलेखात सगळं होतं: आत येणारा व्होल्टेज २३० च्या आसपासवरून खाली कोसळला, बॅटरी पायरीपायरीने उतरली, आणि ८.२२ ला यंत्र रीतसर थांबलं. दोन्ही मुलांना बोलावून दाखवलं.

एक अडचण उरली. यंत्र बंद झाल्यावर दहा मिनिटांत करंट आला, तरी सकाळी जाऊन बटण दाबेपर्यंत ते बंदच होतं. चवथीत अग्रशाळेत माणसं असतात, पण एरवी तिथे कोणी नसतं.

म्हापसा_टर्मिनल

सर, ते यूपीएसमुळे. यंत्र थांबलं तेव्हा बॅटरीत जीव होता, म्हणून यूपीएस वीज देतच राहिला. यंत्राच्या दृष्टीने करंट गेलाच नाही, तर तो ‘आला’ हे त्याला कसं कळणार? अपसमॉनमध्ये ‘पॉवरडाउनफ्लॅग’ची ओळ असली की यंत्र थांबता थांबता शेवटी यूपीएसलाच बंद व्हायला सांगतं. भिंतीतला करंट परत आला की यूपीएस बाहेरची वीज सुरू करतो. बायोसमध्ये ‘एसी आल्यावर सुरू हो’ हा पर्याय चालू ठेवा.

तुमचा यूपीएस हे ऐकतो का ते आधी बघून घ्या. यंत्राचा प्लग भिंतीत लावा, यूपीएसवर नुसता टेबललॅम्प ठेवा, यूएसबीची वायर राहू द्या. नटचा ड्रायव्हर थांबवून ‘अपसड्रव्हसीटीएल शटडाउन’ द्या. दिवा विझून थोड्या वेळाने आपोआप पेटला तर काम होईल. विझला आणि पेटलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर नटचा कुठला ड्रायव्हर लावला आहे ते इथे लिहा.