ऑइल कूलर घरी बसवण्याआधी तेलाचे तापमान तरी मोजा

वारजेकर (धागाकर्ता)

‘घाटवाट’ यांनी गेल्या आठवड्यात इथे ऑइल कूलरविषयी, म्हणजे इंजिनचे तेल थंड करणाऱ्या उपकरणाविषयी, लिहिलेला मजकूर अनेकांनी उचलून धरला आणि तो वाचून काहींनी संच मागवल्याचेही कळवले, म्हणून हे सविस्तर उत्तर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पुण्याचा एप्रिल-मे आणि भोवतालचे घाट पाहता प्रत्येक टर्बो डिझेल गाडीला बाहेरून ऑइल कूलर हवाच, तो कोणालाही घरी बसवता येतो, आणि रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली तर जेवणाच्या वेळेपर्यंत काम उरकते. या संपूर्ण मजकुरात तेलाच्या तापमानाचा एकही आकडा नाही, ही माझी मुख्य हरकत आहे.

घरी काम करण्याला माझा विरोध नाही. तेल, फिल्टर आणि ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो. परंतु डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नव्हे, आणि अनेक नव्या गाड्यांत तर तो काटाही जाऊन फक्त निळा आणि लाल दिवा उरला आहे. पाणी ९० अंशांवर स्थिर असताना घाट चढणाऱ्या गाडीचे तेल ११५ अंशांवर असू शकते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. साधारण ९० ते ११० अंश हा तेलाचा कामाचा पट्टा आहे. चढावर काही वेळ ते १२० पर्यंत गेले तरी चांगले सिंथेटिक तेल सहन करते. १३० च्या पुढे ते वारंवार जात असेल, तरच कूलरवर खर्च करण्याला अर्थ आहे.

शिवाय बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत कंपनीने आधीच कूलर दिलेला असतो. फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन रांजणगावला बनत असे आणि पुंटोपासून स्विफ्टपर्यंत कितीतरी गाड्यांत ते बसले. त्याच्या ऑइल फिल्टरच्या घरालाच लागून पाण्यावर चालणारा कूलर आहे. तो तेल थंड करतो, तसेच सकाळी पाणी तेलाआधी तापत असल्यामुळे तेल लवकर गरमही करतो. बाहेरचा, हवेवर चालणारा कूलर थर्मोस्टॅटशिवाय (तेल तापेपर्यंत कूलरचा मार्ग बंद ठेवणाऱ्या झडपेशिवाय) लावला, तर डिसेंबरात कोथरूड ते हिंजवडी अशा प्रवासात तेल कामाच्या तापमानाला पोचतच नाही, त्यात साठलेले पाणी आणि न जळलेले इंधन उडून जात नाही, आणि तेलाचे झाकण उघडले की आतून सायीसारखा पिवळट थर दिसतो. ज्या गाडीला दुखणेच नव्हते, तिला आपण ते आणून दिलेले असते.

घाटवाट

माझ्या मजकुराला उत्तर आहे म्हणून लिहितो. आपण आकडे मागता; माझ्याकडे अनुभव आहे. माझी गाडी रिमॅप केलेली (ताकद वाढवण्यासाठी इंजिनचे सॉफ्टवेअर बदललेली) आहे, आणि मे महिन्यात चार माणसे व सामान घेऊन महाडहून भोरकडे वरंधा घाट चढल्यावर वर गाडी उभी केली की आयडलला (इंजिन नुसते चालू असताना) ऑइलच्या दाबाचा दिवा लुकलुकत असे. कूलर बसवल्यापासून तो एकदाही लुकलुकला नाही. मी मोजमाप करत बसलो असतो, तर बेअरिंगा गेल्या असत्या आणि मग आपणच इथे लिहिले असते की वेळीच उपाय का केला नाही. घाटाच्या माथ्यावर तो दिवा पाहणाऱ्या माणसाला ‘११५ अंश वाईट नाहीत’ असे घरी बसून सांगणे सोपे आहे.

भोसरीचा फिटर

दोघांचेही वाचले. घाटवाट, आयडलला दिवा लुकलुकतो याचा अर्थ दाब अर्ध्या बारच्या आसपास घसरला आहे. निरोगी इंजिनात गरम तेलावरही असे होत नाही. तुमच्या बेअरिंगांची झीज झालेली असू शकते, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) अडकत असू शकतो किंवा तेलात डिझेल मिसळत असू शकते. कूलरने तेल जाड ठेवले आणि दिवा विझला, पण कारण तिथेच आहे. मेकॅनिकल गेज लावून दाब तपासून घ्या. हे मी तुमच्या काळजीपोटी सांगत आहे.

आता घरी बसवण्याविषयी, कारण अर्धवट झालेली ही कामे रविवारी संध्याकाळी टो करून आमच्याच दारात येतात. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग पुष्कळदा इंजिनच्या तोंडाला चिकटून राहते. ती काळी, तेलात भिजलेली असते, खालून दिसत नाही, आणि बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. तिच्यावर सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसून तेल कूलरकडे वळवणारी चकती) बसवली की दोन रिंगा एकावर एक येतात. बसवल्यानंतर गाडी चालू करून पाहिली तर काही गळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड, जाड तेलाचा दाब एकदम चढतो, वरची रिंग बाहेर ढकलली जाते आणि पाहता पाहता तेल जमिनीवर येते. चालकाचे लक्ष दिव्याकडे नसेल, तर पुढचे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आट्यांची. फिल्टरचे आटे काही गाड्यांत २० मिलिमीटरचे असतात, तर काहींत पाऊण इंची, इंचाला १६. पाऊण इंची बोल्ट २० मिलिमीटरच्या आट्यांत सैलसर शिरतो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण दाबाखाली तो धरून राहत नाही. तिसरी गोष्ट होसची, म्हणजे कूलरकडे तेल नेणाऱ्या नळीची. स्टीलच्या जाळीची होस बंपरच्या ब्रॅकेटला घासत राहिली, तर ब्रॅकेटही कापते आणि स्वतःही फाटते. आणि फाटलेल्या होसमधून तेल एक्झॉस्टवर पडले तर आग लागते. भोसरीत हायड्रॉलिक होस दाबून देणारी दुकाने आहेत. मापाची, योग्य फिटिंग दाबलेली होस तिथून करून घ्या, पट्टीच्या क्लॅम्पवर विसंबू नका. आणि ज्या गाडीत फिल्टर खाली तोंड करून असतो, तिथे प्लेटच्या जाडीमुळे तो आणखी खाली येतो, हे आपल्याकडचे गतिरोधक लक्षात ठेवून पाहा.

नानापेठकर

सगळी चर्चा कूलरवर चालली आहे आणि खरा रोग कोणी बोलत नाही. रोग म्हणजे पातळ तेल. माझा सुट्या भागांचा व्यवसाय आहे आणि गिऱ्हाईक ०डब्ल्यू-२०, इतकेच नव्हे तर ०डब्ल्यू-१६ (मागचा आकडा जितका लहान, तितके तापलेले तेल पातळ) मागायला येते, तेव्हा मला वाईट वाटते. ही तेले इथल्या उन्हासाठी नाहीत. आमच्या वडिलांच्या काळी सगळ्या गाड्या २०डब्ल्यू-५० वर चालत आणि इंजिने वर्षानुवर्षे उघडावी लागत नसत. तेल जाड घाला, कूलरची गरजच उरणार नाही.

आरेखक

नानापेठकर, हे विधान इतक्या ठामपणे करण्यापूर्वी मानके पाहायला हवी होती. तेलाचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकानुसार ४० च्या ग्रेडचे तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचे माप) असते आणि २० च्या ग्रेडचे ६.९ ते ९.३. म्हणजे १०० अंशांना १४ सेंटिस्टोक असलेले तेल १२० अंशांना तापले की साधारण ९ वर येते. तुमचे ४० घाटात २० च्या वरच्या मर्यादेजवळ पोचलेले असते आणि तरीही इंजिन चालते. बेअरिंगमधले अंतर, पंपाची क्षमता आणि छिद्रांचे माप एका ठरावीक घट्टपणासाठी आखलेले असते. २० साठी आखलेल्या इंजिनात ५० घातले, तर सकाळी तेल वरपर्यंत पोचायला उशीर होतो, आणि इंजिनाची सर्वाधिक झीज त्याच क्षणांत होते. तुमच्या वडिलांच्या काळातली इंजिने वेगळी होती.

नानापेठकर

मानके मलाही वाचता येतात. त्याच मानकात १५० अंशांना, वेगाने घुसळताना तेल किती घट्ट राहिले पाहिजे याचीही (वेगळ्या मापात) किमान मर्यादा आहे: १६ च्या ग्रेडला २.३, २० ला २.६, ३० ला २.९. आकडा उतरत जातो म्हणजे बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा पातळ होत जातो, हे तुम्ही नाकारू शकत नाही. आणि कंपन्या ही तेले का सुचवतात? २०१७ पासून लागू झालेल्या आणि २०२२ पासून कडक झालेल्या कॅफे नियमांत कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधन वापराला मर्यादा आहे म्हणून. मायलेजचा तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढला जातो, आणि त्या चाचणीत गाडी ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या रोलरला वरंधा घाट नसतो. दोन-तीन टक्के मायलेजसाठी माझ्या गिऱ्हाइकाचे इंजिन पणाला लावणे मला मान्य नाही.

आरेखक

कॅफेचा दबाव आहे हे मान्य. पण त्यावरून ‘५० घाला’ हा निष्कर्ष निघत नाही. मालकाच्या पुस्तिकेत अनेक कंपन्या एकापेक्षा अधिक ग्रेड देतात. जिथे ५डब्ल्यू-३० ची परवानगी आहे, तिथे उन्हाळ्यात आणि घाटासाठी ते निवडा, इतके म्हणणे पुरेसे होते. तुम्ही ज्या २०डब्ल्यू-५० चा पुरस्कार करता, त्याने पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या बीएस-६ डिझेलचे काय होईल याचाही विचार करा. त्या गाड्यांना कमी राख सोडणारे तेल लागते, आणि तो गुण ग्रेडच्या आकड्यात दिसत नाही. डबा विकताना हे गिऱ्हाइकाला सांगितले जाते का?

नानापेठकर

आमच्या दुकानातून बीएस-६ डिझेलला डब्यावरचा सी-३ (कमी राखेच्या तेलाची खूण) पाहिल्याशिवाय तेल जात नाही. व्यवसायाविषयी शंका घेऊ नका. ५डब्ल्यू-३० चा मुद्दा ठीक आहे. तो आधीच मांडला असता तर इतके लांबले नसते.

सोसायटीचा सचिव

तेलाचा ग्रेड कोणताही असो, ते पार्किंगच्या फरशीवर सांडले की आम्हाला निस्तरावे लागते. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. आमच्याकडे एका सदस्याने ते पावसाळी गटारात ओतले होते. ट्रे, भुसा आणि झाकणाचा कॅन नसेल, तर काम सुरूच करू नये. आणि फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, स्टँड घ्या.

हडपसरचा एक वाचक

हे बदल कायदेशीर आहेत का? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बदलांवर बंदी घातली असे वाचले होते.

वारजेकर

त्या निकालाचा रोख मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर होता, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होणाऱ्या बदलांवर. ऑइल कूलरचा उल्लेख त्या प्रमाणपत्रात नसतो. त्यापेक्षा विमा कंपनीला लेखी कळवणे महत्त्वाचे आहे, कारण आग लागली तर सर्वेक्षक पहिल्यांदा बाहेरची होस पाहील. रिमॅपही कळवा, वॉरंटी असेल, तर ती त्या क्षणी गेली असे समजून चाला.

तेलाच्या ग्रेडवरची चर्चा उपयोगी असली, तरी मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. घाटवाट, तुमच्या गाडीला रिमॅपमुळे कूलर लागत असेल हे मी मान्य करतो. पण तुम्ही लिहिले होते ‘प्रत्येक टर्बो डिझेल गाडीला’. त्या विधानाला अजूनही आधार दिलेला नाही.

घाटवाट

‘प्रत्येक’ हा शब्द मागे घेतो. समाधान झाले असेल. पण ‘आधी मोजा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की मोजायचे कसे. ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या) डोंगलवर माझ्या गाडीचे तेलाचे तापमान येतच नाही. आणि घरी काम करू नका, असे फिटर साहेबांचे म्हणणे असेल, तर तेही मान्य नाही. माझ्या प्लेटमध्ये थर्मोस्टॅट आहे, कूलर एसीच्या कंडेन्सरच्या समोर न लावता बंपरच्या खालच्या जाळीमागे लावला आहे, आणि वर्षभरात थेंबभर तेल गळलेले नाही.

भोसरीचा फिटर

घरी करू नका असे मी कुठेही म्हटलेले नाही. आटे आणि रिंग तपासून करा असे म्हटले आहे. कंडेन्सरपासून दूर लावला हे उत्तम केले, नाहीतर कात्रजच्या कोंडीत एसीच बसतो. मोजण्याचे विचारता, तर बहुतेक सँडविच प्लेटला बाजूला जादा भोक बुच मारून दिलेले असते. तिथे सेन्सर लावा, मात्र इंजिनकडून येणाऱ्या तेलाच्या बाजूला. कूलरमधून परतणाऱ्या बाजूला लावलात, तर थंड झालेल्या तेलाचा आकडा पाहून निर्धास्त व्हाल. प्लेटला भोक नसेल, तर ड्रेन प्लगच्या जागी बसणारा सेन्सर मिळतो, पण तो खाली लोंबतो.

वारजेकर

सेन्सर लागला की एकच घाट दोनदा चढा: एकदा कूलर उघडा ठेवून आणि एकदा त्याच्यासमोर पुठ्ठा लावून, त्याच वेळी, त्याच भाराने. दोन आकड्यांतला फरक इथे टाका.

घाटवाट

सेन्सर लावतो आणि उघड्या कूलरचा आकडा देतो. रिमॅप केलेली गाडी मे महिन्यात पुठ्ठा लावून वरंधा चढवणार नाही. तो प्रयोग ज्यांना कूलर अनावश्यक वाटतो, त्यांनी आपल्या गाडीवर करावा.

भोसरीचा फिटर

त्याआधी दाबाचे गेज लावा. दिवा का लुकलुकत होता, हे कळल्याशिवाय तापमानाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.