पॉलीहाऊसचा दाखला रात्री फसतो

वातावरण म्हणजे पृथ्वीवर ताणलेला पॉलीहाऊसचा (प्लास्टिक कागदाने झाकलेल्या शेतघराचा) कागद, असा दाखला नेहमी दिला जातो. समजावायला ठीक, पण पॉलीहाऊस तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा निघून जात नाही म्हणून. छताची खिडकी उघडा, पारा उतरतोच. वातावरणात खेळ वेगळा: जमिनीतून निघणारी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची उष्णता हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात. हे नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश असतं.

साधा २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद मात्र ही उष्णता बरीचशी आरपार जाऊ देतो. म्हणून आपल्या विदर्भात डिसेंबरच्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे आतला पारा कधीकधी बाहेरच्याहूनही खाली जातो, कारण बाहेरची हवा आत मिसळत नाही. ढोबळी मिरची तेव्हाच गारठते. आभाळ आलं की ढग गोधडीचं काम करतात, तोच कागद पुरतो. निरभ्र रात्रीसाठी अवरक्त अडवणारा थर्मिक कागद घ्या, नाहीतर दिवस मावळायच्या आत आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा ओढा.

आणि शुक्र हा ग्रहही असाच वातावरणामुळे तापलाय, अनेकांना वाटतं तसा 'सूर्याजवळ म्हणून' नाही. त्याचे ढग तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात, तरी जमीन ४६० अंशांच्या वर; बुध त्याहून जवळ, पण हवाच नाही, रात्री उणे १८०.