मदत हवी आहे: ४५ फुटी शिडाची नौका हलक्या वाऱ्यात चालेल का?

आम्ही साताऱ्याचे तिघे मित्र. धरणाच्या पाण्यात डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवायला शिकलो, समुद्राचा अनुभव बेताचाच. मुंबईतली एक जुनी ४५ फुटी क्रूझिंग (लांबच्या सफरीची) नौका भागीदारीत घ्यायचा विचार आहे.

पाणरेषेची लांबी (नौका पाण्याला टेकते तिथली) ३६ फूट, वजन १२ टन, शिडं ८५० चौरस फूट. हल स्पीड (या लांबीला साधारण जास्तीत जास्त वेग) ८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किमी येतो. शीड-वजन गुणोत्तर (वजनाच्या मानाने शिडं किती मोठी; जास्त तितकं हलक्या वाऱ्यात बरं) १५ च्या थोडं वर, पण ते रिकाम्या टाक्यांचं. डिझेल, पाणी, सामान धरून दोन टन वाढवले की १४ च्याही खाली उतरतं. मालक म्हणतो, "मस्त पळते" (म्हणणारच!).

सर्व्हेअर (नौका तपासणारा तज्ज्ञ) ठरलाय, किमतीचा प्रश्न नाही. चाचणीला एकच दुपार मिळेल. ८-१० नॉट वाऱ्यात, इंजिन बंद ठेवून, वाऱ्याशी किती कोन ठेवून किती वेग मिळाला तर ठीक समजायचं?