प्रोटीन पावडर कशात मिसळावी? दूध सोसत नाही, नुसतं पाणी घशाखाली उतरत नाही (सांगली)

नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ६२ किलो, शाकाहारी. विश्रामबागला जिमला जाते, पहाटे साडेपाच ते साडेसहा. सव्वासातला शाळेत हजर व्हावं लागतं, त्यामुळे व्यायामानंतर जे काही पोटात जायचं ते त्या अर्ध्या-पाऊण तासातच.

गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मांड्यांचे स्नायू वाढवा. सहा महिने नेमाने वजनं उचलतेय आणि गुडघ्यांना खरंच आराम आहे. मग आठवडाभर वहीत लिहून काढलं की मी खाते काय. भाकरी, आमटी, मटकीची उसळ, वाटीभर दही धरून प्रोटीन जेमतेम ४५ ग्रॅम. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी मला ५१ लागतात, आणि व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ तरी हवं म्हणतात, म्हणजे ७५ च्या आसपास. म्हणून रक्त-लघवी तपासून, डॉक्टरांना विचारून एक किलोची चॉकलेट चवीची व्हे पावडर (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) आणली. डब्यातल्या एका चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन. (पावडर टाळा, जेवणातूनच घ्या, असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलंय ते वाचलंय. उसळी, डाळी वाढवतेच आहे, पण सकाळच्या त्या घाईत ते जमत नाही.)

घरी गवळ्याचं म्हशीचं दूध येतं. पहिले चार दिवस पेलाभर दुधात घेतली. दुसऱ्या तासाला पोट असं तट्ट फुगायचं की फळ्याकडे वळून उभं राहावं लागायचं. केळं घालून मिक्सरला फिरवून पाहिलं, तेच. पाण्यात घेतली तर तळाशी गुठळ्या, आणि शेवटचा घोट खडूसारखा जिभेला चिकटतो. एक दिवस ताकात घातली. आंबट चॉकलेट! ओतून द्यावी लागली, जीव हळहळला. गरम दुधात घालू म्हटलं तर तिचा चक्क चोथा झाला.

तुम्ही कशात घेता? पाव किलोच संपलीय, वाया घालवायची नाही.

प्रतिसाद :
ताई, मी हिंदकेसरी मारुती मानेंच्या कवठेपिरानचा. दहा वर्षं तालमीत काढली, आता पोरांना शिकवतो. आमच्याकडे बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी वाटून दुधात थंडाई करतात, पण ती जिरवायला तसे जोर-बैठका मारावे लागतात. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असतं, ते सकाळी जड पडणारच. शिवाय पेलाभर दुधात दहा-बारा ग्रॅम दुधातली साखर असते, ती कित्येकांना या वयात पचत नाही.

आधी दोष दुधाचा की पावडरीचा ते बघा. तीन दिवस फक्त पाण्यात घ्या. तरी पोट फुगलं तर डब्यावर पहिला घटक वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यातही ती साखर थोडी असते, आयसोलेटमध्ये जवळजवळ नसते. गुठळ्यांचं म्हणाल तर आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं की ती बुडाला बसते. गरमात घालायची नाही, प्रोटीन गोठतं. ताकदीला धोका नाही, पण पिणार कसं? ताकात घ्यायचीच तर पुढच्या वेळी बिनचवीची आणा, जिरेपूड-सैंधव घालून उत्तम लागते. चॉकलेटवाली आता नाचणीच्या सत्त्वात घालून बघा.

पुन्हा मी :
दादा, मनापासून आभार. तीन दिवस पाण्यात घेतली, पोट शांत. म्हणजे दूधच! डब्यावर कॉन्सन्ट्रेट लिहिलंय, तरी तेवढं सोसतंय.

आता रात्रीच दोन चमचे नाचणीचं सत्त्व पाण्यात कालवून शिजवते, चिमूटभर मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि पातळसर करून झाकून ठेवते. सकाळी शेकरमध्ये आधी ते ओततेय, वर पावडर, मग हलवतेय. गुठळी एक नाही. नाचणी आणि चॉकलेटचा रंग तर एकच, चवही जुळते. सासूबाईंनी घोटभर चाखून "हे बरं आहे" म्हटलं, त्यांच्याकडून एवढं पुष्कळ. फक्त शेकर तिथल्या तिथे विसळायचा. एकदा डिकीत तसाच राहिला तर दुपारी झाकण उघडवेना.

एकच अडलंय. माझा शनिवारचा उपवास असतो आणि आमच्याकडे उपवासाला नाचणी चालत नाही. पावडर दुधापासूनचीच, तिला घरात हरकत नाही. शहाळ्याच्या पाण्यात किंवा राजगिऱ्याच्या पेजेत कुणी घालून पाहिलीय का? राजगिऱ्याची पेज गार झाल्यावर फार घट्ट होते का, तेवढं सांगा. परवाच शनिवार आहे.